हसण्याची ओळ

दुपारच्या गप्प घरात कपात चमचा किणकिणला आणि धाकटीचा पाय शिलाई मशीनच्या पायडलवर थबकला.

सासूबाई थोरलीचा चहा ढवळत होत्या. आता त्या कप उचलतील, बशी लावतील आणि पावलांचा आवाज न करता थोरलीच्या खोलीत नेऊन देतील. लग्न होऊन आठ वर्षं झाली, पण धाकटीच्या हातात आईंनी असा आयता कप कधी ठेवला नव्हता. बाळंतपणातही "चहा झालाय गं, ओतून घे" एवढंच.

सहा आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं, "थोरल्या सूनबाईंचा हा नुसता ताण राहिलेला नाही. आजार आहे, पण बरा होणारा." थोरली शाळेत शिकवायची. तिला रजा मिळाली आणि घराचा आवाज अर्धा झाला. दारं हळू लागायला लागली. थोरलीच्या वाटणीची भांडी, बाजार, आईंची औषधं सगळं धाकटीकडे आलं. कोणी ते दिलं नाही, कोणी विचारलंही नाही. आपोआप आलं.

"ताण आम्हाला परवडत नाही, म्हणून होत नाही," ती नवऱ्याला म्हणाली होती.

"तुझं बरं आहे," तो म्हणाला, "तू खंबीर आहेस."

खंबीर म्हणजे जिच्या पुढ्यात आणखी एक टोपलं ठेवलं तरी चालतं ती, हे तिला त्या दिवशी कळलं.

तेवढंही तिने गिळलं असतं. पण तिची सहा वर्षांची ठकू शाळेतून आली की दप्तर टाकून सरळ मोठ्या आईच्या खोलीत पळायची. थोरल्या काकूला मोठी आई म्हणायचं, ही या घरची रीत. म्हणजे आपण कोण, छोटी? बंद दारामागून दोघींचं हसू यायचं. ते ऐकून धाकटीच्या हातातली टीप वाकडी जायची. लेक माझी, कळा मी सोसल्या, आणि हसायला मात्र हिच्याकडे. काम नाही, धाम नाही, वर ही मजा.

एकदा धुतलेल्या चादरी ठेवायला गेली तेव्हा थोरली अंघोळीला गेली होती. उशीखाली वही होती. डॉक्टरांनी रोज पाच ओळी भरायला सांगितल्या होत्या: झोप किती, भूक कशी, कामात लक्ष लागलं का, चिडचिड किती वेळा, आणि शेवटची, "आज कशाला हसू आलं?" धाकटीने चोरासारखी पानं उलटली. शेवटच्या ओळीत जवळजवळ रोज तिची लेक होती. 'ठकूने माझा चष्मा लावून मुख्याध्यापिकांची नक्कल केली.' 'ठकू म्हणाली, हत्तीला सर्दी झाली तर रुमाल कोण धुणार?'

हत्तीचा रुमाल. तिला ठकूने हे सांगितलंही नव्हतं. की सांगितलं होतं, आणि आपण "नंतर" म्हणालो होतो?

नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याच दिवशी तिने गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत मागच्या बाजूने त्याच पाच ओळी लिहिल्या. बेत साधा होता. चौदा दिवस भरायच्या, मग वही सगळ्यांसमोर ठेवायची. बघा आता, कोणाला जास्त आहे ते. गरज पडली तर थोडं वाढवून लिहायचं, असंही तिने मनाशी ठरवलं होतं.

वाढवायला काही लागलंच नाही.

झोप: पहाटे तीनला जाग, मग नाही. भूक: उभ्याने दोन घास. लक्ष: तेच शर्टाचं बटण तीनदा उसवून लावलं. चिडचिड: मोजता आली नाही. ठकूला मारलं. हे शेवटचे दोन शब्द तिने गिरवून गिरवून काळे केले, पण खोडले नाहीत. हसण्याची ओळ ती रोज लिहायची आणि पुढे काहीच सुचायचं नाही.

आज चौदावा दिवस होता. आईंची पावलं थोरलीच्या खोलीत गेली, दार लागलं, आणि तेवढ्यात कोपऱ्यावरचे घड्याळवाले काका आपली पँट न्यायला आले. कमरेला लावून बघितली. उजवा पाय बरोबर टाचेवर आला, डावा नडगीवरच संपला. डाव्या पायाची लांबी तिने चुकून दोनदा कापली होती.

"बाई," काका म्हणाले, "एका पायाचं माप माझं घेतलंत आणि दुसऱ्याचं नातवाचं की काय?"

बारा वर्षं ती कात्री चालवत होती. असं कधी झालं नव्हतं. ती पँटकडे बघत राहिली आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, जणू नळ कोणी दुसऱ्यानेच सोडला होता.

काका बिचारे घाबरले. "अहो, मी गंमत केली. घरात घालीन मी."

थोरली बाहेर आली. "काका, तसलंच कापड आणून नवी शिवून देऊ. दोन दिवस द्या." त्यांना दारापर्यंत पोचवून ती परतली, तेव्हा धाकटीने मापांची वही तिच्यापुढे आदळली.

"वाचा. म्हणजे कळेल, घरात आणखीही कोणी आहे."

थोरलीने उभ्याने वाचायला सुरुवात केली आणि चौथ्या पानाला स्टूल ओढून बसली. वाचून झाल्यावर म्हणाली, "माझ्यापेक्षा जास्त आहे गं."

हेच ऐकायला ती चौदा दिवस झुरली होती. जिंकली होती. मग वही परत ओढून घ्यावीशी का वाटली?

"मला वाटायचं, परीक्षा संपल्या की बरं वाटेल," थोरली म्हणाली. "मग वाटलं, पाहुणे गेले की. परीक्षा संपल्या, पाहुणे गेले, मी तशीच. तेव्हा कळलं, हे आता कामाचं राहिलेलं नाही. तुझं मशीन रविवारी झाकलेलं असतं. तेव्हा बरं वाटतं?"

धाकटीने मान हलवली. रविवारीच छातीत जास्त धडधडायचं.

"परवा माझी डॉक्टरांकडे वेळ आहे. तुझ्यासाठीही विचारते."

"म्हणजे आजारातही मी तुमच्या मागूनच यायचं?"

थोरलीला फस्सकन हसू फुटलं. "मग या वेळी तू पुढे हो. माझी वेळ तू घे. मी पुढच्या आठवड्यात जाईन. भांडी मी घासते तोवर, हात काही मोडले नाहीत माझे."

देणारीही हीच, धाकटीला वाटलं, आणि ते खुपलंच. पण नाही म्हणायला जीभ उचलली नाही.

दारात दप्तर आपटलं. ठकू नेहमीसारखी मोठ्या आईच्या खोलीकडे धावली, मोठी आई इथेच दिसल्यावर वळली आणि आईच्या ओल्या तोंडाकडे बघत जवळ येऊन उभी राहिली. नुकतंच वाचायला येऊ लागल्यामुळे तिला दिसेल ते वाचायचं असे. स्टुलावर उघडी पडलेली वही तिने ओढली, अक्षरांखाली बोट धरलं आणि शेवटच्या ओळीवर आली.

"आ-ज... क-शा-ला... हसू... आलं." बोट पुढे सरकलं. पुढे काहीच नव्हतं. तिने मागचं पान उलटलं, त्याच्या मागचंही. मग मान वर केली.

"आई, आज तुला कशाला हसू आलं?"