कराचीसाठी अडवलेला चांद

"कुणाला खरं वाटणार नाही, पण ईदच्या चांदाला मी बांबूने अडवलंय. एकदा नाही, चार वर्षं!" चहाचा पेला खाली ठेवत तमीजुद्दीन सारंगाने जाहीर केलं. त्याची अर्धी हयात बोट हाकण्यात गेली होती आणि उरलेली थापा हाकण्यात.

सत्तर सालचं ते वादळ होऊन अठरा दिवस झाले होते. पूर्व पाकिस्तानातल्या भोला बेटाच्या धक्क्यावर जोमिलाच्या चहाच्या टपरीला छप्पर उरलं नव्हतं, त्यामुळे चांद बघायला कुणाला उठावं लागणार नव्हतं. बेपत्ता माणसांची नावं लिहून घेणारा बाबू दोनदा येऊन गेला होता. तमीजुद्दीनने त्याला एकही नाव दिलं नव्हतं.

"केवढा बांबू होता, चाचा?" हातेम कोळ्याने विचारलं.

"तुझ्या जिभेहून जरा आखूड. ऐक. रेडिओ घसा फोडून सांगतो, पूर्व काय नि पश्चिम काय, पाकिस्तान एक, चांद एक! अरे, पण मध्ये अख्खा हिंदुस्थान पडलाय. आपला चांद बुडतो तेव्हा कराचीत ऊन असतं. माझा मोफिजुल तिकडे गोदीत. बापलेकांनी चांद एकाच वेळी बघायचा, असं आमचं ठरलेलं. म्हणून मी होडी नदीत घालतो, चांदाला बांबू लावतो नि म्हणतो, थांब बाबा, पोरगं अजून कामावरून सुटलं नाही."

"सरकारने पगार द्यायला हवा तुम्हाला!"

"मग! सरकारला जमलं नाही ते एका बांबूने केलं. मोफिजुलने पत्रात लिहिलं होतं, अब्बा, चांद उशिरा आला, त्याच्या बुडाला बांबूचा चिखल लागला होता. तिकडचे हसले म्हणे. बंगालातून दुसरं काय येणार, चिखलच!"

कितीतरी दिवसांनी धक्क्यावर हसू फुटलं. तेवढ्यात नदीपलीकडे चांदाची कोर दिसली. कुणी कुणाला मिठी मारली नाही.

तमीजुद्दीनने घाईघाईने बांबू उचलला. "सरका, सरका. पोरगं तिकडे वाट बघत असेल."

बांबू हलेना. दुसरं टोक जोमिलाने धरलं होतं.

"खोटं बोलताय, चाचा," ती म्हणाली. "मोफिजुल कराचीत नाही. वादळाच्या आदल्या दिवशी तो इथेच बोटीतून उतरला. माझ्याकडे चहा प्याला. म्हणाला, भाभी, या वर्षी चांद अब्बांच्या शेजारी उभा राहून बघणार."