पिवळट खडी

माझ्या धाकट्या बहिणीची बदली झाली आणि तिची माशांची टाकी आमच्या गळ्यात पडली. टाकी टेम्पोतून आली, मासे बादलीतून आले आणि तळाची खडी सामान उतरवताना रस्त्यावर सांडली. नवी आणायची, एवढंच काम होतं. दुसऱ्या घरात ते एका फेरीत उरकलं असतं. आमच्याकडे ते रंगाचं काम, म्हणजे ह्यांचं.

हे कापड रंगवण्याच्या कारखान्यात शेड पास करतात. गिऱ्हाइकाच्या नमुन्याशेजारी रंगवलेला तुकडा धरायचा आणि हो की नाही ते सांगायचं. ह्यांनी मान हलवल्याशिवाय एक गठ्ठा बाहेर पडत नाही. घरातही तोच कारभार. मला एकदा मोरपंखी पडदे हवे होते. हा रंग गोंधळलेला आहे, म्हणून ह्यांनी नापास केले. तेव्हापासून मी रंगाच्या वाटेला जात नाही.

टाकीत पांढरी खडी घालायची, असं ह्यांनी ठरवलं. पहिली पिशवी आली. ओला रंग वेगळा आणि कोरडा वेगळा, म्हणून मूठभर खडे भिजवून बशीत घेतले आणि ऊन थेट न येणाऱ्या खिडकीशी नेले. बल्बच्या उजेडात रंग बघणाऱ्याला हे माणसांत धरत नाहीत. पिवळट आहे, म्हणाले. मला पांढरीच दिसत होती, पण मला कोण विचारतो. पिशवी परत गेली. दुसरी आली, तीही पिवळट. दुकानदार आधी हसला, मग समजूत घालू लागला, शेवटी ह्यांना पाहिलं की मागच्या खोलीत जाऊ लागला. इकडे मासे बादलीतच. रोज आंघोळीआधी त्यांना न्हाणीघराबाहेर आणि नंतर पुन्हा आत नेताना माझ्या कमरेचे टाके ढिले झाले.

मग एका रविवारी दुपारी हे लढाई जिंकल्यासारखे आले आणि हा खरा पांढरा म्हणून पिशवी माझ्यापुढे ठेवली. मी पाहिलं. खडी चक्क आकाशी होती, बाळाच्या स्वेटरची असते तशी.

मी तसं म्हटलं. ह्यांना माझी कीव आली. कपाटातून डबा काढला. त्यात काळ्या कागदात गुंडाळलेला पांढऱ्या कापडाचा तुकडा असतो. त्याला उजेड लागू द्यायचा नाही, मी तर हातही लावायचा नाही. जगातला प्रत्येक पांढरा त्या तुकड्यावरून ठरतो. इतके दिवस तो काढला नव्हता, कारण तो आपल्या डोळ्यांत बसलाय अशी ह्यांची खात्री. आता खड्यांशेजारी ठेवला आणि बराच वेळ बघत राहिले.

"नमुनाच पिवळा पडलाय," हे म्हणाले.

नमुना चुकत नाही, बघणारा चुकतो, असं हे कारखान्यात प्रत्येक नव्या माणसाला ऐकवतात. तिथे नमुना आणि कापड दोन्ही सारखीच पिवळी दिसत असणार, म्हणून काही उघड झालं नव्हतं. आणि उद्या सकाळी हेच डोळे गठ्ठे पास करणार होते.

"अहो," मी म्हटलं, "आईला मोतीबिंदू झाला होता, तेव्हा ती धुतलेल्या चादरी पिवळ्या आहेत म्हणून परत भिजवायची."

ह्यांनी एक डोळा झाकून तुकड्याकडे पाहिलं, मग दुसरा झाकून. एकाने पिवळा आणि दुसऱ्याने त्याहून पिवळा. म्हणूनच आकाशी खडी ह्यांना पांढरी वाटली होती. खुर्चीत बसले.

मोतीबिंदू काढता येतो, आई नंतर सुईत दोरा ओवायची, हे सगळं मी सांगितलं. ह्यांचं लक्ष नव्हतं. मग म्हणाले, उद्या साहेबांना सांगतो, तोवर शेड दुसरा कोणी बघेल. पुन्हा शेड बघायला बसवतील की नाही, कुणास ठाऊक. तुकडा काळ्या कागदात गुंडाळला, डब्यात ठेवला आणि डबा माझ्या हातात दिला.

"खडी कोणत्या रंगाची आणायची? तू सांग."

हा प्रश्न मला लग्न झाल्यापासून हवा होता. आता आला तर मला रडू फुटलं. न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं. बादलीत केशरी मासे एकमेकांना ढकलत फिरत होते. काळ्या तळावर ते ह्यांना आत्ताच्या डोळ्यांनीही दिसले असते. बाहेर येऊन मी काळी म्हणाले. कारण सांगितलं नाही.

"काळी म्हणजे कशी? निळसर काळी की..." हे सवयीने बोलून गेले आणि मध्येच थांबले. मग चपला घालायला उठले.

"चल," म्हणाले, "तिथं तूच बघ."