अकरावा नियम

हॉटेलातली माणसं त्यांना पाठीमागे 'स्वल्पविराम' म्हणायची. कुठलाही कागद समोर आला, की वकीलसाहेब आधी त्यात एक स्वल्पविराम घालायचे आणि मगच मान डोलवायचे. एकवीस वर्षं ते त्या हॉटेलचं कोर्टकचेरीचं काम बघत होते. मालकाचा त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास होता.

सहा वर्षांपूर्वी एका बड्या पाहुण्याच्या खोलीतली भानगड नोकरांच्या तोंडून बाहेर फुटली. मालकाची नाचक्की झाली. तेव्हा वकीलसाहेबांनी नोकरांच्या नियमावलीत अकरावा नियम घातला: पाहुण्यांच्या खोलीत जे दिसेल वा ऐकू येईल, त्याची वाच्यता कोणाकडेही, कोणत्याही कारणास्तव, करू नये, केल्यास तात्काळ कामावरून काढण्यात येईल. मालक खूश झाला होता.

मग एका सोमवारी हॉटेलवर दावा झाल्याची नोटीस आली. सोबत एकोणीस वर्षांच्या मुलीचा जबाब होता. शिवणकामाची नोकरी देतो म्हणून तिला आणि तिच्या मैत्रिणीला गावाहून आणलं. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याजवळच्या खोलीत बारा दिवस कोंडून ठेवलं. दिवसभर पुरुष यायचे. नंतर दोघींना वेगवेगळ्या गाड्यांतून नेलं. ही पाच महिन्यांनी पोलिसांच्या छाप्यात सुटली. मैत्रिणीचा पत्ता नव्हता.

चौथ्या पानावर वकीलसाहेब अडले. 'चादरी बदलणाऱ्या बाईंना आम्ही सांगितलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्या गेल्या.'

तिसऱ्या मजल्याच्या चादरी मावशी बदलायच्या. वकीलसाहेब कपड्यांच्या खोलीत गेले तेव्हा त्या उशांना अभ्रे घालत होत्या.

"मावशी, त्या पोरी तुमच्याशी बोलल्या होत्या?"

मावशींनी हातातली उशी पुरी केली. "थोरलीने विचारलं, हे गाव कुठलं? साहेब, राहत्या गावाचं नाव कोणी विचारतं का हो? तिथेच मला कळलं, काहीतरी काळंबेरं आहे. धाकटीने माझा हात धरला. म्हणाली, घरी फोन करा. नंबर सांगितला, तो मी पाठ केला."

"मग केलात?"

मावशींनी कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीतली नियमावली काढली. "चौथीपर्यंत शिकलेय मी. 'कोणाकडेही.' 'कोणत्याही कारणास्तव.' मॅनेजरला विचारलं, यात हेसुद्धा येतं का? म्हणाला, वकिलांनी लिहिलंय म्हणजे सगळंच येतं. नवरा अंथरुणाला खिळलेला, घरात तीन खाणारी तोंडं. मी गप्प बसले. त्यानंतर चौथ्या दिवशी गेले, तर खोली रिकामी."

"नंबर आठवतो अजून?"

मावशींनी तो एका दमात म्हणून दाखवला. वकीलसाहेबांनी तिथेच फोन लावला. पहिल्या घंटीलाच उचलला गेला. "कोण? सापडली का हो माझी?" असं एक बाई विचारत होती. साहेबांनी फोन मावशींपुढे धरला. त्यांनी तो घेतला, आणि त्या माऊलीशी बोलता बोलता खाली फरशीवर बसल्या.

दुपारी मालक म्हणाला, "सोपं आहे. मावशीला सांगा, कोणी काही बोललं नव्हतं असं लिहून दे."

"त्या खोटं बोलणार नाहीत."

"मग काढा तिला. अकरावा नियम कशासाठी आहे?"

"त्यांनी तो पाळला, म्हणून तर ही वेळ आली. मालक, चूक कबूल करा. तो नियम आजच फाडा. कामाच्या बायकांना सांगा, काही वावगं दिसलं तर आधी पोलिसांना कळवा, नोकरीला धक्का लागणार नाही."

"तुम्ही वकील कोणाचे? माझे की तिचे?"

"तुमचाच. म्हणून खरं सांगतोय."

मालकाने दुसरा वकील केला. साहेबांनी वकीलपत्र सोडलं. जाण्याआधी मावशींना एवढंच म्हणाले, की कुठल्याही कागदावर सही करण्याआधी स्वतःचा वकील गाठा.

मावशींनी कोर्टात सगळं सांगितलं. नोकरी गेली, त्या एका दवाखान्यात झाडलोट करू लागल्या. दीड वर्षाने निकाल लागला. हॉटेल दोषी ठरलं. अकरावा नियम रद्द करायचा आणि काय दिसलं की सावध व्हायचं हे प्रत्येक नोकराला शिकवायचं, असा हुकूम झाला. त्या वर्षी हॉटेलच्या दुसऱ्या शाखेत एका झाडूवालीच्या फोनमुळे दोन मुली सुटल्या. पण तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीतली ती धाकटी सापडली नाही ती नाहीच.

निकालाच्या दिवशी वकीलसाहेब मागच्या बाकावर बसले होते. बाहेर पायऱ्यांवर ते मावशींसोबत उभे असताना दावा लावणारी ती मुलगी स्वतःहून त्यांच्याजवळ आली.

"तो नियम तुम्ही लिहिला होता ना?"

"हो."

"लिहिताना आमच्यासारखीचा विचार आला होता मनात?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही," ते म्हणाले. "एकदाही नाही."

तिने मान हलवली. रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

"ती माझ्यामुळे आली होती," ती म्हणाली. "तिला यायचं नव्हतं. मीच हट्ट केला, दोघी मिळून जाऊ म्हणून."

मावशी पुढे झाल्या आणि त्यांनी मुलीचा हात हातात घेतला. तिने तो सोडवून घेतला नाही. दोघी पायऱ्या उतरून हळूहळू रस्त्याकडे चालू लागल्या.