फक्त वाचायचं

विद्यापीठाच्या संज्ञापन विभागात पीएच.डी. करणाऱ्या भाचीला मावशीनंच आपल्या सोसायटीच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये घेतलं होतं. अफवा कशा पसरतात, हा तिच्या प्रबंधाचा विषय. सगळ्यांनी हसत परवानगी दिली आणि लवकरच ती तिथं आहे हेही विसरले. तिनं फक्त वाचायचं, मध्ये पडायचं नाही, ही तिच्या मार्गदर्शक बाईंची अट होती.

एका दुपारी ग्रुपवर मेसेज आला: बीपीच्या गोळ्यांनी किडनी जाते, त्या बंद करा, हा काढा घ्या. भाचीनं सवयीनं नोंद केली. मग खाली मावशीचं उत्तर दिसलं. "मी सोमवारपासून बंद केल्यात. एकदम हलकं वाटतंय."

प्रबंधाला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही, हा विचार आधी आला, आणि तिचं तिलाच कसंसं झालं.

ती तडक बाईंच्या खोलीत गेली.

"ग्रुपवर लिहिलंस तर प्रबंधातलं हे प्रकरण बाद," बाई म्हणाल्या. "मावशीला घरी जाऊन सांग की."

"आणि बाकीचे? आणखी चौघं बंद करतो म्हणतायत."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नियम मी सांगितला. पुढचं तू ठरव."

तिनं लिहिलं, "हे खोटं आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका." मग सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, "आमच्यावर पाळत ठेवायला आली होतीस का?" आणि तिला काढून टाकलं.

संध्याकाळी तिनं मावशीला जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि पुन्हा बांधला. मावशीचा चेहरा उतरला. गोळी तिथंच घ्यायला लावली.

परतताना मावशी म्हणाली, "चारचौघांत माझा पोपट केलास."

"मला दुसरं काही सुचलं नाही गं."

"फोन करायचास. आणि सुनेबद्दल मी काय काय लिहायचे, तेही वाचलंस?"

"हो."

मावशी पुढे चालू लागली.

प्रकरण बाद झालं. बाई रागावल्या नाहीत, पण नवा ग्रुप शोधण्यात वर्ष गेलं. चौघांपैकी दोघांनी गोळ्या परत सुरू केल्याचं भाचीच्या कानावर आलं. उरलेल्या दोघांचं मावशीला विचारायची सोय राहिली नव्हती. मावशी गोळ्या वेळेवर घेते. फोनही करते, पण बेतानं बोलते, आणि घरातलं काही सांगायचं झालं की आधी विचारते, "हे लिहिणार नाहीस ना कुठं?"