लोखंडाचा मागमूस

“मामांच्या बाटल्यांतच लोखंड राहत असणार,” सर म्हणाले, आणि तेही मामांच्या देखत.

सत्तावीस वर्षं प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुणारा हा माणूस. सगळे त्यांना बाटलीमामा म्हणत. घरी बायकोने घासलेला पेलाही ते उजेडाकडे धरून बघत आणि मग दिवसभर तिची बोलणी खात. त्यांच्या धुण्याला कोणी नाव ठेवलं की मस्तकात तिडीक जायची. पण आज ते गप्प राहिले, कारण शेजारी पोर रडवेली होऊन उभी होती.

पोर म्हणजे तिथे सरांच्या हाताखाली संशोधन करणारी मुलगी. खारट तळ्यांतले आर्किया नावाचे अतिप्राचीन सूक्ष्मजीव ती वाढवत असे. तिनेच मामांना समजावलं होतं, “यांच्यात एक प्रथिन असतं, मामा. लोखंड भरपूर असलं की ते लोखंड ओढून आणणाऱ्या जनुकांवर ठाण मांडून बसतं, त्यांना काम करू देत नाही. लोखंड संपलं की उठतं. मग जनुकं कामाला लागतात.”

“म्हणजे पोट भरलं की चूल बंद,” मामा म्हणाले होते.

पण गेले तीन महिने लोखंड नसलेल्या पाण्यातही जनुकं जागी होत नव्हती. महिनाअखेर सर हा विषयच गुंडाळणार होते. पोरीची दोन वर्षं पाण्यात जाणार होती.

मामांनी आपण धुतलेली एक बाटली शुद्ध पाण्याने भरून तपासणीला दिली. दुसऱ्या दिवशी कागद आला. लोखंडाचा मागमूस नाही. तो सरांच्या टेबलावर आपटायचाच, असं ठरवून मामा छाती काढून निघाले.

वाटेत पोर मीठ मोजताना दिसली. लिटरभर पाण्याला पाव किलो मीठ, आणि हातात स्टीलचा चमचा. मामांचे पाय तिथेच थबकले. प्लास्टिकचा चमचा मोडला तेव्हा तिची अडचण नको म्हणून हा चमचा त्यांनीच घरून आणला होता, स्वतः घासूनपुसून. मिठाने त्याच्या कडेला तांबूस गंज धरला होता.

खिशातला कागद त्यांना वाचवणारा होता. कुणी काही विचारलंही नसतं. मामांनी चमचा उचलला आणि ते सरांकडे गेले.

“बाटल्या स्वच्छ आहेत, सर. पण पाण्यात लोखंड माझ्यामुळेच गेलं. हा चमचा मी दिला होता.” बोलताना त्यांचे कान तापले होते.

सरांनी चमचा उजेडाकडे धरून कडेचा गंज पाहिला. “पुन्हा करा सगळं,” एवढंच म्हणाले.

मामांनी साठ बाटल्या आम्लात बुडवून नव्याने धुतल्या. दोन आठवड्यांनी पोर धावत आली. “मामा, ते प्रथिन उठलं. जनुकं जागी झाली.” मामांनी भर खोलीत, कुणाचीही भीड न बाळगता डोळे पुसले. इतका अभिमान त्यांना स्वतःच्या मुलांचाही कधी वाटला नव्हता.

संध्याकाळी सर धुण्याच्या खोलीत आले. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच.

“मामा, उद्यापासून मीठ तुम्ही मोजायचं.”

“मी? चूक माझीच होती, सर.”

“आणि शोधलीतही तुम्हीच.”

सकाळी मामांनी हात धुतले. पुसले. मग पुन्हा एकदा धुतले आणि मिठाच्या बरणीचं झाकण उघडलं.