धुऱ्यावरून परत

आमची आकांक्षा शाळेच्या शर्यतीत पहिली आली की दारातूनच ओरडते, "आई, मी सगळ्यायले मांगं टाकलं!" मी तिच्या हातावर लाडू ठेवते, पण मला तो शब्द अर्धाच वाटतो. मागे टाकलं, बरं. आणि मग?

माझी आई धुरपता आणि तिची मैत्रीण मनकर्णाबाई जन्मभर नालवाडीच्या पलीकडच्या शेतांत कापूस वेचत आल्या. प्रत्येक बाईने एक पात, म्हणजे झाडांची एक ओळ, धरायची आणि वेचत पार धुऱ्यापर्यंत, शेताच्या बांधापर्यंत जायचं. मनकर्णामावशीचे हात असे चालत, की ती आईला रोज मागे टाकायची. पण धुऱ्यावर पोचली म्हणून बसायची नाही. वळायची आणि आईच्या पातीत समोरून वेचत यायची. मध्ये कुठेतरी भेटल्या की तो कापूस आईच्याच कमरेच्या ओटीत ओतायची, मग दोघी सोबत पाणी प्यायच्या. त्या बायांची रीतच होती तशी. आई मात्र उपकार मानायचे सोडून चरफडायची. "एक डाव तरी हिले मांगं टाकीन!" हे ऐकतच मी मोठी झाले. धुऱ्यावर बोरं खात बसलेल्या मला तेव्हा हसू यायचं.

मागच्या वर्षी मावशीला लकवा मारला. डावा हात लुळा पडला. यंदा तरी ती घरी बसेल असं वाटलं होतं, पण पहिल्याच वेच्याला ओटी बांधून हजर! मला सुटी होती, म्हणून मीही आईसोबत गेले होते.

दोघींनी शेजारच्या पाती धरल्या. थोड्याच वेळात आई पुढे निघाली आणि थबकली. वेचलेल्याच झाडात पुन्हा पुन्हा हात घालू लागली. मला ते बरं वाटलं. मावशीला नाही.

"धुरपता! काऊन थांबून राह्यली वं?"

"पाय दुखते."

"खोटी! मले भीक देऊन राह्यली का? वेच नीट. मी मेली नाई अजून."

आईला ते झोंबलं. मग तिने जे हात चालवले, तसे मी कधी पाहिले नव्हते. ती धुऱ्यावर पोचली तेव्हा मावशी अर्ध्या पातीतही नव्हती.

आई तिथे नुसती उभी राहिली. जन्मभर हवं होतं ते मिळालं होतं आणि चेहरा रडवेला झाला होता. मग ती वळली, मावशीच्या पातीत शिरली आणि समोरून वेचत निघाली.

दोघी भेटल्या. आईने त्या पातीत वेचलेला कापूस मावशीच्या ओटीत ओतला. मावशी घामाघूम झाली होती, तोंड एका बाजूला ओढलेलं, तरी हसत होती.

"टाकलं ना मले मांगं?"

पदराने डोळे पुसत आईने मान हलवली.

"रडते कायले? सारा जलम मीच तुह्याकडं येत गेली," मावशी म्हणाली. "कोनी आपल्याकडं येते तं कसं दिसते, ते मले आजच दिसलं."