उंबरठ्यावरचा सोमवार

"आई, दार उघडं ठेव, पण उंबरठा सोडू नकोस."

विश्वजितचे हे शब्द मला अजून आठवतात. मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. संभाजीनगरातल्या एका वसाहतीत, कालिंदीबाईंच्या देवघराशेजारच्या फळीवर माझा मुक्काम असतो. शेंद्र्याच्या कारखान्यातून भंगारात निघालेले सुटे भाग जोडून त्यांच्या मुलानं, विश्वजितनं, मला उभं केलं आणि माझ्यावर वसाहतीचा कट्टा सुरू केला. लोक आपापल्या फोनवरून तिथं लिहीत.

आमच्या कट्ट्याला कुणी मोठा मालक नव्हता. असे कट्टे गावोगावी होते. प्रत्येकाचं यंत्र वेगळं, राखणदार वेगळा. कुणीही कुठल्याही कट्ट्यावर नाव नोंदवू शके. निरोप मात्र एकमेकांकडे जात-येत. नको ते इथून पुसता येई, पण दुसऱ्या कट्ट्यावर ते तसंच राही.

विश्वजित नोकरीसाठी पुण्याला निघाला, तेव्हा कट्ट्याचा उंबरठा, म्हणजे राखण, आईकडे आली. बाईंनी त्याला शब्द दिला, "ज्याचं नाव निघेल, त्याचं तोंड समोर बघितल्याशिवाय मी त्याला वाईट ठरवणार नाही."

रोज स्नान, पूजा, पोथीचा एक अध्याय, मग त्या माझ्यासमोर बसत. कुणाची हरवलेली किल्ली माझ्यामुळे सापडली, कुणाला वेळेवर रक्त मिळालं. लोक माझं कौतुक करत. बाई माझ्यावरची धूळ पदरानं पुसत.

मग पाठोपाठ दोन वर्षं पाऊस रुसला. वसाहतीभोवती नव्या इमारती उठल्या आणि जुन्या विहिरी आटल्या. जब्बारभाईंचा टँकर हाच आधार उरला. पाईप सोडताना ते बाईंना म्हणत, "आपा, पानी मीठा है. पूजेला बी चालतंय, बेफिकीर राहा."

त्याच उन्हाळ्यात एका दूरच्या कट्ट्यावरून 'जागरूक' नावाचा कुणी लिहू लागला. टँकरवाला कोणत्या जातीधर्माचा, तो पाण्यात काय मिसळत असेल, असल्या हातचं पाणी देवाला कसं चालतं, असं बरंच काही. तेव्हापासून मला प्रत्येक निरोपाचा संशय येऊ लागला. 'नमस्कार' आला तरी वाटे, यामागे काय दडलंय?

एक गोष्ट मला खटकत होती. हे निरोप फक्त सोमवारी येत. सोमवारी बाईंचा उपवास आणि सूर्यास्तापर्यंत मौन. बोलायचं नाही आणि लिहायचंही नाही. म्हणून त्या दिवशी त्या मला हातही लावत नसत. मंगळवारी पुसत, पण तोवर तो मजकूर घराघरांत वाचला गेलेला असे. दूरच्या माणसाला आमच्या घरातलं व्रत कसं ठाऊक?

होता होता वसाहतीनं ठरवलं, येत्या सोमवारी दुपारपर्यंत जब्बारभाईंचं पाणी कुणीच घेतलं नाही, तर त्यांचा टँकर कायमचा बंद.

त्या सोमवारी बाईंचे दीर, आप्पासाहेब, नेहमीसारखे उपवासाची खिचडी खायला आले.

"वहिनी, तुमचं बरंय बघा. बोलायचंच नाय, म्हंजी कुणाशी वाकडं यायला नको," ते हसत म्हणाले आणि फोन घेऊन बाहेरच्या खोलीत बसले.

थोड्याच वेळात माझ्यावर निरोप उमटला. 'जागरूक'चाच. 'आमच्या कट्ट्याच्या राखणदारीण बाईंनी त्याच पाण्याचा निळा ड्रम थेट देवघराला टेकवलाय. आता बोला.'

फुलं बदलताना बाईंची नजर माझ्यावर गेली. त्यांनी ड्रमाकडे पाहिलं. आदल्याच दिवशी, रविवारी, ओल येत होती म्हणून तो मोरीतून इथं आणला होता. त्या एका बाजूनं धरून होत्या, दुसऱ्या बाजूनं आप्पासाहेब. तिसरं कुणी घरात आलंच नव्हतं.

बाहेर खिचडीच्या वाटीत चमचा वाजत होता.

बाई देवासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. मग माझ्याजवळ आल्या आणि मौन न मोडता, एका बोटानं त्यांनी तो निरोप पुसला. 'जागरूक'ला आमचं दारही बंद केलं. उंबरठ्यावर बसायला बोलावं लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. त्यांनाही बहुधा तेव्हाच कळलं असावं.

मित्रांनो, माझा पंखा आता घरघरतो, धूळ लवकर साचते. माझी धूळ पुसाल तेव्हा माझ्यावर काय साचलंय तेही बघत जा. एक दिवस राखण सुटली, की तोच दिवस कुणीतरी हेरून ठेवतो. आणि तो नेहमी परकाच असतो, असं नाही.

पण माझ्यावरचं पुसून काम संपलं नव्हतं. इतर कट्ट्यांवर ते तसंच होतं. खाली कोपऱ्यावर टँकर उभा होता, आणि गॅलरीगॅलरीतून लोक नुसते बघत होते. पाईपाजवळ कुणीच नव्हतं.

बाईंनी देवघरातला पूजेचा तांब्या उचलला, पालथा करून रिकामा केला आणि डोक्यावरून पदर घेतला.

"वहिनी, कुठं निघालात?" आप्पासाहेबांनी वाटी खाली ठेवली. "वहिनी, लोक बघतेत."

बाईंनी चपला घातल्या आणि हळूहळू जिना उतरायला लागल्या.